गुडघ्यासाठी आलेले आजोबा

समोरच्या इस्पितळात परदेशी पेशंट येऊ लागले, तशा गल्लीतल्या दुकानांवर परक्या लिपीतल्या पाट्या चढल्या. नवरा गेल्यावर वहिनींनीही घराच्या वरच्या खोल्या अशा पेशंटांना द्यायला सुरुवात केली. पेशंट आणायचे ते भावजी, म्हणजे त्यांचे धाकटे दीर. विमानतळावरून आणणं, डॉक्टरांची वेळ घेणं, दुभाष्याचं काम, सगळं त्यांच्याकडेच. पाहुणा पानभर बोलला तरी भावजी एका ओळीत उरकत. "छान आहे म्हणतात," एवढंच.

गुडघा बदलायला आलेल्या उंच आजोबांबरोबर त्यांचा मुलगा होता. ऑपरेशन उत्तम झालं. आजोबा वॉकर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारू लागले. वहिनींचं लक्ष मात्र मुलाकडे होतं. तो बाथरूमच्या दाराची रुंदी वितीने मोजायचा, जिन्याचा कठडा हलवून पाहायचा, भावजींना कोपऱ्यात घेऊन कुजबुजायचा. बापाची चौकशी कमी, घराची जास्त.

"हा बापाला बरं करायला आलाय की घर बघायला?" वहिनींनी विचारलं.

"वहिनी, तुम्ही उगाच साप साप म्हणून भुई धोपटता," भावजी हसले.

मग एका सकाळी मुलगा निघून गेला. भावजी म्हणाले, "कामासाठी गेलाय. येईल आठवडाभरात." आठवडा उलटला. आजोबा गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून बसू लागले आणि वहिनींच्या मनात पाल चुकचुकली.

हवा गार झाली तशी आजोबांसाठी स्वेटर शोधायला वहिनींनी कपाटावरची मोठी बॅग उतरवली. मुलाने ती आल्यापासून उघडलीच नव्हती. आत सगळ्या ऋतूंचे कपडे होते. खाली आजोबांच्या बायकोचा फ्रेम केलेला फोटो, आणि टॉवेलात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ. गुडघ्याच्या ऑपरेशनला घड्याळ घेऊन कोण येतं?

आजोबांनी ते मांडीवर घेतलं आणि बघतच राहिले. मग वहिनींच्या मोबाइलकडे बोट केलं. भाषांतराची सोय भाचीने त्यात करून दिली होती. ते थोडंसं बोलले, आणि मोबाइलमधली बाई कोरड्या आवाजात म्हणाली, "हे घड्याळ माझ्या स्वयंपाकघराचे आहे. ते येथे का आले आहे?"

वहिनींनी भावजींना स्वयंपाकघरात गाठलं. दार लोटून घेतलं.

"खरं सांगा. मुलगा येणार आहे का?"

भावजींनी आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाले, "तिकडे म्हाताऱ्या माणसाला ठेवणं परवडत नाही हो. इथे राजासारखे राहतील. तुमची खोलीही कायमची भरली. बिघडलं कुठे?"

"त्यांना विचारलंत?"

"त्यांना विसरायला होतं, वहिनी. तिकडच्या डॉक्टरांनीच सांगितलंय."

झालं! आता वहिनी आजोबांकडेही संशयाने बघू लागल्या. चहात साखर नको हे आजोबांना आठवायचं, भाचीचं नावही आठवायचं. पण एकदा त्यांनी तोच प्रश्न दोनदा विचारला. आपणही विचारतोच की, असं वहिनींनी स्वतःला समजावलं. तरी मन खात राहिलं. भावजी खरं बोलत असतील तर? आणि खरं असलं, तरी माणसाला असं न सांगता सोडून जायचं?

शेवटी त्यांनी भावजींना मुलाला फोन लावायला लावला आणि शेजारी आपला मोबाइल ठेवला. "यालाही ऐकू दे."

आजोबांनी एकच विचारलं. मोबाइल म्हणाला, "तू घर विकले का?"

पलीकडून मुलगा भडाभडा बोलला. "बाबा, तेथे तुमची काळजी घेतली जाईल. ती बाई चांगली आहे."

वहिनींना कोणी थोबाडीत मारावी तसं झालं. आपल्या चांगुलपणाचं असं निमित्त केलं होतं तर!

"बाई चांगली आहे," आजोबा म्हणाले. "पण तू मला विचारायला हवे होते."

धाकट्या बहिणीचा नंबर आजोबांना तोंडपाठ होता. ती फोनवर आधी रडली, मग भाच्याच्या नावाने बोटं मोडली, आणि म्हणाली, ये. निघायच्या वेळी कळलं की पासपोर्ट भावजींकडे आहे.

"सांभाळून ठेवला होता," ते म्हणाले.

"कोणापासून?" वहिनींनी हात पुढे केला, आणि पासपोर्ट हातात पडेपर्यंत मागे घेतला नाही.

भावजींची गाडी नाकारून त्या स्वतः आजोबांना टॅक्सीने विमानतळावर घेऊन गेल्या. चाकांच्या खुर्चीतून आत जाताना आजोबा मागे वळून काहीतरी बोलले. पर्समधून मोबाइल काढेपर्यंत खुर्ची दिसेनाशी झाली. पोचल्याचा बहिणीचा फोन मात्र आला.

भावजींनी मग वहिनींचं दार सोडलं. इस्पितळामागची इमारत भाड्याने घेऊन त्यांनी 'आरोग्य निवास' अशी पाटी लावली. गॅलऱ्यांमध्ये खुर्च्या दिसू लागल्या, खुर्च्यांमध्ये म्हातारी माणसं. भाजी घेऊन येताना वहिनी वर बघायच्या. यातलं कोण आपणहून आलंय आणि कोणाला आणून ठेवलंय, हे खालून कळायचं नाही.

एकदा त्या सरळ जिना चढून गेल्या. दारातल्या माणसाने अडवलं.

"आत्ता भेटायची वेळ नाही, बाई."

"इस्पितळात वेळ असते," वहिनी म्हणाल्या. "हा तर निवास ना? मग राहत्या घरी भेटायला वेळ कसली?"

तो हसला, पण दारातून हलला नाही. वहिनी तिथेच पायरीवर बसल्या.