चाळीस अंशांची खोली

प्रोसेसर तापला की आमची आतली खोली आखडते. चाळीस अंशांवर ती घराच्या नकाशात आहे तेवढी असते. साठावर पलंगापुरती उरते आणि दार हातभरच रुंद राहतं. आज दुपारी आकडा ऐंशीवर होता आणि माझी बायको चारू आत होती.

कॉम्प्युटर मी स्वतः जोडला. दुकानदार जोडून देत होता, पण माझ्या वस्तूला दुसऱ्या कुणी हात लावलेला मला खपत नाही. सकाळी सगळे भाग हॉलमधल्या टेबलावर मांडले आणि जेवणाच्या वेळेपर्यंत जोडून मोकळा झालो. जेवण करून चारू कुरडया डब्यात भरायला आतल्या खोलीत गेली आणि मी बटण दाबलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमान दिसत होतं. ते चढायला लागलं तसे आत डबे घरंगळल्याचे आवाज आले.

"अहो, भिंत सरकून राह्यली," चारू म्हणाली.

मी बटण बंद केलं. तर दारच राहिलं नाही. तिथे नुसती रंगवलेली भिंत होती आणि पलीकडून कसलाच आवाज नव्हता. घाईघाईनं पुन्हा चालू केला तेव्हा दार परत आलं, पण वीतभरच. फटीतून चारूचा चेहरा दिसला.

"असं परत करू नका," ती म्हणाली. "मी कुठंच नव्हती."

म्हणजे बंद करायचा नाही आणि तापूही द्यायचा नाही. मी कॅबिनेटचं झाकण काढलं. पंखा फिरत होता, हवा योग्य बाजूला जात होती, धूळ तर असणंच शक्य नव्हतं. अकोल्यातला मे महिना, खिडकीतून भट्टीतली हवा येत होती, म्हणून मी खिडक्या लावल्या आणि पाण्याचा कूलर ओढत आणून त्याचं तोंड टेबलाकडे केलं. आकडा ब्याऐंशी झाला. मी शेजारच्या वानखडेकाकांना हाक मारली. काका वायरमन म्हणून निवृत्त झालेत आणि विजेच्या कुठल्याही वस्तूबद्दल त्यांचं मत तयार असतं.

"ऊन लागलं त्याले," काका वाकून म्हणाले. खिशातला कांदा काढून त्यांनी कॅबिनेटमध्ये ठेवला. मग फटीपाशी गेले. "काय वं सूनबाई, बरी आहेस?"

"बरी आहे काका. पाय पोटाशी घ्यावे लागले."

"घ्यावेच लागते मंग. जागा नाही तं काय करशील?" असं म्हणून ते दुपारची झोप घ्यायला निघून गेले. मला त्या माणसाचा इतका राग आला की कांदा त्यांच्या मागे फेकून मारावासा वाटला, पण न जाणो, उपयोग झाला तर, म्हणून तिथेच राहू दिला.

आता एकच जागा बघायची उरली होती. प्रोसेसरच्या डोक्यावर धातूचा एक ठोकळा बसवतात, तो उष्णता ओढून पंख्याकडे देतो. त्या दोघांच्या मधे काय चाललंय ते बघायला हवं होतं, आणि तेही मशीन चालू ठेवून.

"चारू, हे वरचं काढावं लागेल. तेवढा वेळ फार तापेल."

"किती वेळ?"

"चार स्क्रू आहेत."

"काढा," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पटकन काढा हो."

मी स्क्रू फिरवले. आत पलंग उभा राहिल्याचा आवाज आला. चारूच्या बांगड्या भिंतीला घासत होत्या. तिसऱ्या स्क्रूला बांगड्याही वाजायच्या थांबल्या. चौथा निघाला, मी ठोकळा उचलून उलटा केला आणि कपाळावर हात मारून घेतला. त्याच्या बुडाला पारदर्शक प्लास्टिक तसंच चिकटलेलं होतं. बसवण्याआधी काढा, असं त्यावर लाल अक्षरांत छापलेलं होतं.

मी ते सकाळी वाचलं होतं. चारूला दाखवलंही होतं. नव्या वस्तूचं प्लास्टिक आमच्या घरी काढत नाहीत. फ्रिजच्या दारावरचं पिवळं पडलंय, स्कूटरच्या सीटवरचं फाटलंय, रिमोट पिशवीतच आहे. "राहू द्या, चरे पडतील," चारू म्हणाली होती, आणि मला ते अगदी पटलं होतं.

"प्लास्टिक, चारू! आपण प्लास्टिक ठेवलं!"

फट बोटभर उरली होती. तिच्यातून चारूचा एक डोळा दिसत होता. तो एकदा मिटला आणि उघडला. माझ्या नखांत कड सापडेना, शेवटी दातांनी ओढून काढलं. उष्णता नेणारा लेप लावला, ठोकळा बसवला, स्क्रू आवळले.

आकडा धाडकन उतरला. पलंग आडवा झाला. दार रुंदावत पूर्ण उघडलं आणि चाळीसवर खोली पहिल्यासारखी झाली. पलीकडच्या भिंतीला टेकून चारू उभी होती, केस सुटलेले, गालाला चुना. मी वेड्यासारखा हसत सुटलो.

"ये बाहेर!"

"आली ना. एवढ्या कुरडया उचलू द्या, पायाखाली चुरा होते."

ती वाकली. आकडा अडतीस झाला. "राहू दे त्या!" मी ओरडलो. छत्तीस. तिच्या आणि दाराच्या मधली फरशी मळलेल्या कणकेसारखी लांबत चालली होती. चारूनं मान वर केली तेव्हा ती दारापासून आमच्या गल्लीच्या टोकाएवढी लांब गेली होती. कुरडया टाकून ती पळत सुटली. मी आत धावलो, तर माझ्या मागे दार दूर जायला लागलं. आकड्यापाशी कुणी नसेल तर तो आणखी वेगानं उतरतो, हे तेव्हा कळलं. मी मागे फिरलो.

कूलर बंद केला. खिडक्या सताड उघडल्या, गरम वारं अंगावर आलं, पण प्रोसेसरला त्याचं काही नव्हतं. जेवढं काही त्यावर चालवता येईल तेवढं चालवलं. पंख्यात बोट घालून तो थांबवला, बोट फाटलं. वरून गोधडी टाकली. वीस. काकांना हाका मारल्या. भिंतीपलीकडून त्यांचं घोरणं ऐकू येत होतं आणि टेबल सोडून जायची सोय नव्हती. चारू आता ज्वारीच्या दाण्याएवढी दिसत होती. तिचा आवाज येत नव्हता. मी मोठ्यानं रडायला लागलो.

मग गोधडी बाजूला केली, पुन्हा स्क्रू काढले, ठोकळा फेकून दिला, तरी आकडा चढेना, तेव्हा उघड्या प्रोसेसरवर तोंड नेऊन, चष्म्याच्या काचेवर करतात तसं, हाः केलं. आकडा चढला. चारू जवळ आली, हात दिसले, पाय दिसले. श्वास आत घेतला आणि ती होती तिथे गेली.

मी खिडकीकडे तोंड करून छाती भरेल तेवढा श्वास घेतला आहे आणि तो हळूहळू प्रोसेसरवर सोडतो आहे. चारू येते आहे. तिच्या गालाचा चुना दिसतो आहे, ती धापा टाकते आहे, उंबऱ्याकडे तिनं हात लांब केला आहे. माझ्या छातीत आता काही उरलेलं नाही. तिची बोटं अजून उंबऱ्याच्या आतच आहेत.