चर्चच्या कोपऱ्यावरचा प्रवासी

नेव्हिलच्या बॅगेची चाकं कोरडी होती.

पाऊस पहाटेपासून लागला होता. आमच्याकडे लागतो तसा, बारीक आणि कंटाळवाणा. चर्चच्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या नेव्हिलच्या कोटाचे खांदे भिजून काळे पडले होते आणि बुटांच्या कडांना चिखल होता. ट्रेव्हरने खाली उतरून त्याची बॅग व्हॅनमध्ये माझ्या बॅगेला लागून ठेवली. मी अगदी मागच्या सीटवर होते, त्यामुळे मान वळवली की दोन्ही बॅगा नीट दिसत होत्या. माझ्या दारापासून फाटकापर्यंतच्या एवढ्याशा वाटेत माझ्या बॅगेच्या चाकांना ओली पानं चिकटली होती. त्याच्या चाकांवर धूळ होती, भुरभुरीत. ती बॅग त्या सकाळी ओल्या रस्त्यावरून आलेली नव्हती.

"काय बेरिल, झोप लागली का?" नेव्हिलने आत येत विचारलं. प्रवासाच्या आदल्या रात्री मला झोप लागत नाही, हे त्याच्या लक्षात होतं.

"थोडीशी," मी म्हणाले.

तो पुढच्या सीटवर जाऊन बसला. शेजारून माझी मैत्रीण ग्लेंडा हिने मला कोपराने ढोसलं.

"चेहरा बघ तुझा. नळाच्या पाण्यात जंतू सापडल्यासारखा झालाय."

पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत मी आयुष्य काढलं. ग्लेंडाचे सगळे विनोद तिथूनच येतात.

"चाकं कोरडी आहेत," मी हळू आवाजात म्हणाले.

"कोणाची?"

"त्याच्या बॅगेची."

ग्लेंडाने मागे वळून पाहिलं आणि तिचे डोळे चमकले. "म्हणजे मोटारीतून आणून सोडलंय कोणीतरी. आणि कोणीतरी म्हणजे बाई. माझं नाव बदल नाहीतर."

आमच्या सहल कंपनीचं सगळं नाव एकाच गोष्टीवर आहे: दारात न्यायला येतात आणि दारात आणून सोडतात. छोटी व्हॅन हॅस्लिंग्डन, रॉटन्स्टॉल, रॅम्सबॉटम अशी इथली गावं करत आम्हाला गोळा करते. हमरस्त्यावरच्या मोठ्या तळावर कोच, म्हणजे सहलीच्या मोठ्या बसगाड्या, उभे असतात, तिथे ज्याने त्याने आपापल्या कोचमध्ये चढायचं. सामानाला हात लावायचा नाही. गुडघे गेलेल्या, गाडी विकून टाकलेल्या माणसांना आणखी काय हवं? लोक या कंपनीकडे येतात ते एवढ्यासाठीच. आणि नेव्हिल मात्र प्रत्येक सहलीला चर्चच्या कोपऱ्यावर उभा असायचा. परतीला उतरायचाही तिथेच. त्याचं घर आमच्यापैकी कोणीही पाहिलेलं नव्हतं.

मी एकदा ट्रेव्हरला विचारलं होतं. ट्रेव्हर ही व्हॅन वर्षानुवर्षं चालवतो. कोणाच्या दाराला किती पायऱ्या आहेत हे त्याला तोंडपाठ आहे. तो म्हणाला, "काही लोकांना चालायला आवडतं, राणी," आणि आरसा पुसायला लागला. आरसा स्वच्छ होता.

हे सगळं मला सोडून देता आलं असतं. पण गेल्या ऑक्टोबरात, ईस्टबर्नच्या सहलीत शेवटच्या संध्याकाळी, नेव्हिलने मला विचारलं होतं की पुढच्या खेपेला आपण दोघं शेजारी बसायचं का.

बाहेरच्या माणसाला यात काही वाटायचं नाही. पण आमच्या कोचमध्ये सीट आठवडाभर बदलत नाही. जोडीने नाव नोंदवलं की हॉटेलात जेवणाचं टेबलही जोडीचं मिळतं, खिडकीजवळचं, आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या आत सगळ्या कोचला ते माहीत झालेलं असतं. पुढच्या वर्षी लोक दोघांना मिळून एकच नाताळचं कार्ड पाठवतात. अंगठीच्या अलीकडची पायरी म्हणायला हरकत नाही.

"बघते," मी म्हणाले होते. आता मे उजाडला होता. लँडडनोच्या या सहलीलाही मी नेहमीसारखी ग्लेंडाबरोबरच आले होते, आणि सप्टेंबरातल्या पिटलॉक्रीच्या सहलीसाठी तो माझ्या उत्तराची वाट पाहत होता. मला हो म्हणायचं होतं. माझं लग्न कधी झालं नाही, आणि त्याची फारशी खंतही नव्हती; पण अलीकडे खिडकीतून काही दिसलं की ते कोणाला तरी दाखवावंसं वाटे, आणि दर वेळी तो कोणीतरी नेव्हिलच असे. तरी अपुऱ्या तपासणीवर मी नोकरीत कधी सही केली नव्हती, आणि आता करवत नव्हती.

हॉटेलात पहिल्या रात्री एकट्या आलेल्यांना एका टेबलावर बसवतात. ते टेबल नेहमी स्वयंपाकघराच्या दाराशी असतं. सूप संपेपर्यंत प्रत्येकाने आपापल्या गेलेल्या माणसाचं नाव घेतलेलं असतं, बाकीच्यांनी मान हलवलेली असते, आणि मग भाजलेलं कोकरू येतं. त्या टेबलावर पुढचा प्रश्न विचारायचा नसतो. माझी नेव्हिलशी ओळख तिथलीच. त्या वर्षी ग्लेंडाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मी एकटी गेले होते. तो एवढंच म्हणाला होता, "मेव्हिस. कोचच्या सहली म्हणजे तिचा जीव की प्राण." आम्ही सगळ्यांनी मान हलवली. मीठ पुढे सरकवलं.

या वेळी मी त्याच्यावर लक्ष ठेवलं. सांगायला बरं वाटत नाही, पण ठेवलं. रोज चहाच्या वेळेला त्याचा फोन वाजायचा आणि तो उठून समुद्राकडे तोंड करून दूर जायचा. फोनवर तो फार कमी बोलायचा, बहुतेक ऐकायचाच. तिसऱ्या दिवशी ग्लेंडा धापा टाकत माझ्या खोलीत आली.

"हातमोजे! बायकांचे! फिकट निळे, लोकरीचे. त्या धक्क्यासमोरच्या दुकानात. मी मागेच उभी होते, टोप्या बघत."

"मुलगी आहे त्याला."

"मुलीचं माप विचारलं की सांगता येत नाही बापांना. याने सरळ सांगितलं. बोटं लहान आहेत म्हणाला." ती पलंगावर बसली. "आणि तुझ्या बंगलीचं काय? तुला विचारलंन् ना काल?"

विचारलं होतं. माझ्या बैठ्या बंगलीला आत कुठे पायरी आहे का, न्हाणीघराचं दार किती रुंद आहे. मी सांगितल्यावर त्याने मान हलवली होती, जसं काही मोजमाप जुळलं.

"बंगलीवर डोळा आहे त्याचा," ग्लेंडा म्हणाली. "तुला ठेवेल मागच्या खोलीत आणि त्या निळ्या हातमोजेवालीला आणेल पुढच्या."

"तू फार मालिका बघतेस."

"आणि तू चाकं बघतेस. माझ्यापेक्षा तूच वाईट आहेस, बेरिल."

त्या संध्याकाळी मी त्या टेबलाचा अलिखित नियम मोडला. आम्ही दोघं किनाऱ्यावरच्या बाकावर बसलो होतो. नेव्हिल कागदातल्या आपल्या बटाट्याच्या गरम चिप्स एका समुद्रपक्ष्यापासून वाचवत होता आणि त्यालाच रागावत होता, "अरे, तुझी लायकी काय, तुझी भूक काय!" मला हसू आलं. मग मी विचारलं, "नेव्हिल, तुम्ही चर्चपाशी का थांबता? घरी का नाही?"

तो पक्ष्याकडेच बघत राहिला. "गल्ली अरुंद आहे. आणि सकाळी चालायला बरं वाटतं. बॅग ओढत तेवढाच व्यायाम."

"पावसात?"

"पावसातच जास्त," तो म्हणाला आणि चिप्सचा कागद माझ्यापुढे धरला.

मी एक चिप घेतली. ती गार झाली होती. बॅग ओढत, असं तो म्हणाला होता. आतापर्यंत माझ्याकडे शंका होती. आता एक खोटं उत्तरही होतं.

उरलेले दिवस मी त्याच्याशी हवापाण्याचं बोलले. त्याने ते ओळखलं असावं, कारण त्यानेही सप्टेंबरचा विषय काढला नाही.

परतीच्या दिवशी तळावर ट्रेव्हर नव्हता. त्याची पाठ धरली होती. त्याच्या जागी लोरेन नावाची धिप्पाड, खणखणीत आवाजाची बाई होती. तिने आमच्या बॅगा भराभर भरल्या आणि ग्लेंडाच्या गुडघ्यांकडे पाहून तिला पुढे आपल्या शेजारी बसवलं. मी मागे एकटी होते. नेव्हिल माझ्या पुढच्या सीटवर.

रॅम्सबॉटम आलं तसा तो पुढे वाकला. "मला त्या चर्चपाशी सोडा. नेहमी तिथेच उतरतो मी."

"छे हो! माझ्याकडे पत्ता आहे," लोरेन म्हणाली. "बाहेर काय धबधबा चाललाय बघा तरी. या वयाच्या माणसाला बॅगेसकट रस्त्यात उतरवलं तर माझी आई थडग्यातून उठून माझे कान उपटेल."

"नाही, खरंच. इथेच थांबवा."

"दारात म्हणजे दारात, राजा! पैसे कशाचे भरलेत?"

"थांबवा म्हणतो ना!"

तो एवढ्या मोठ्याने कधी बोललेला आम्ही ऐकलं नव्हतं. ग्लेंडाने वळून माझ्याकडे पाहिलं. भुवया पार केसांपर्यंत गेल्या होत्या. पण व्हॅन तोवर गल्लीत वळली होती. गल्ली अरुंद नव्हती. दोन व्हॅन सहज गेल्या असत्या.

लोरेन एका दगडी घरासमोर थांबली. नेव्हिल दार सरकवून घाईने खाली उतरला, पण घराचं दार त्याआधीच उघडलं होतं. कोट घातलेली एक बाई पर्स काखेत धरून पावसात बाहेर आली. कोटाची बटणं एक सोडून एक लागली होती आणि पायात घरातल्या सपाता होत्या.

"आले, आले! सोडून जाऊ नका हं!" ती हात उंच करून ओरडली.

नेव्हिलला ओलांडून ती सरळ व्हॅनमध्ये चढली, आश्चर्य वाटावं इतक्या चपळाईने, आणि मागे येऊन माझ्यापाशी थांबली.

"इथे कोणी आहे का?"

"नाही," मी म्हणाले. "बसा ना."

ती बसली. पर्स मांडीवर घेतली, त्यावर हात ठेवले. लहान बोटांचे हात. "ड्रायव्हर बरा आहे का? गेल्या वेळचा मेला सारखा ब्रेक मारायचा." मग तिने दाराकडे पाहिलं. "नेव्हिल, माझी बॅग घेतलीस ना?"

"घेतली, मेव्हिस," नेव्हिल खालून म्हणाला. क्षणाचाही वेळ न लावता. तेवढ्याच शांतपणे, जेवढ्या शांतपणे त्याने मला चालण्याच्या व्यायामाचं सांगितलं होतं.

पुढच्या सीटवर ग्लेंडाने तोंडावर हात ठेवला.

घरातून पन्नाशीची एक बाई धावत आली, त्यांची मुलगी असणार; नाक हुबेहूब नेव्हिलचं. ती लोरेनवर कडाडली. "चर्चपाशी सोडायचं असतं त्यांना! ट्रेव्हरने सांगितलं नाही तुम्हाला? आता कंपनीची गाडी दिसलीय. आता ही दिवसेंदिवस कोट घालून दारात उभी राहणार!"

"मला काय ठाऊक, बाई," लोरेन म्हणाली. तिचा खणखणीत आवाज पार बसला होता.

"आई, कोच उद्या आहे. आज नाही. उतर बघू."

"उद्या कसा असेल?" मेव्हिसने माझ्याकडे बोट केलं. "ही बाई तर बसलीय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी माझी पिशवी उचलली. "माझीच चूक झाली," मी म्हणाले. "मला वाटलं आज आहे. चला, मीही उतरते. धराल माझा हात? पायरी निसरडी आहे."

तिने माझा हात धरला. आम्ही दोघी सावकाश खाली उतरलो आणि दारापर्यंत गेलो. वाटेत तिने मला सांगितलं की समुद्राकडची बाजू मिळवायची असेल तर जाताना डावीकडे बसायचं. मुलीने तिला आत घेतलं आणि दार लावलं.

नेव्हिल फुटपाथवर उभा होता. टोपी त्याने काढून हातात धरली होती, कशाला कोण जाणे. डोक्यावरून पाणी वाहत होतं.

"बॅग आदल्या दिवशीच चर्चच्या सभागृहात नेऊन ठेवतो," तो म्हणाला. "बॅग दिसली तरी ती तयार होऊन बसते. आम्ही वीस-बावीस वर्षं जात होतो दोघं. आमची मुलगी जुडिथ येऊन राहते, तेवढेच आठवडे मला मिळतात. नाहीतर मी..." त्याने वाक्य सोडून दिलं. "मी सांगणार होतो तुम्हाला, बेरिल."

"कधी?"

"तुम्ही हो म्हणाल्यावर."

"ती जिवंत आहे, हे माझ्या उत्तरानंतर?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याशी बोललाच नसतात. त्या टेबलावर सगळ्यांनी मान हलवली, आणि मग मागे कसं फिरायचं कळेना. तुमच्या बंगलीचं विचारलं ते तिच्यासाठीच. तिला आता जिना झेपत नाही. तुमच्या बंगलीसारखी एखादी कुठे मिळते का बघतोय."

त्याचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि मला त्याचा राग यावा इतकंही काही नव्हतं. मी स्वतः दोन मिनिटांपूर्वी तिला माझीच चूक झाल्याचं खोटं सांगून खाली उतरवलं होतं, आणि ते बरोबर होतं याबद्दल मला शंका नव्हती.

"तिला फसवता ते तिच्या भल्यासाठी," मी म्हणाले. "मी बाकावर सरळ विचारलं होतं, नेव्हिल. मला कोणाच्या भल्यासाठी फसवलंत?"

तो टोपी हातात फिरवत राहिला. वरच्या खिडकीचा पडदा हलला आणि कोणीतरी आतून तो ओढून घेतला. व्हॅनचं इंजिन चालूच होतं. लोरेन मुकाट्याने त्याची बॅग फुटपाथवर ठेवून गेली. ग्लेंडाने आपल्या बाजूची काच खाली केली होती आणि न ऐकल्यासारखं करण्याचंही तिला सुचत नव्हतं. ऑक्टोबरपासून माझ्या तोंडी "बघते" हाच एक शब्द होता. आता तो तोंडात येईना.

"सप्टेंबरात," मी म्हणाले, पावसातही ऐकू जाईल एवढ्या स्पष्टपणे, "मी तुमच्या शेजारी बसणार नाही."