उमेशच्या अंगातला देव

"वाजवा रं! जोरात वाजवा! देव आला हाय पोराला!"

मोखाड्याच्या आठवडी बाजारात, सुक्या मासळीच्या ओळीसमोर उमेश कानांवर हात दाबून उकिडवा बसला होता आणि गदागदा हलत होता. जीपवाल्यांचे हॉर्न, बोंबलांचा वास, ताडपत्र्यांमधून डोळ्यांत घुसणारं ऊन, हे सगळं त्यानं सकाळपासून कसंबसं सोसलं होतं. त्यातच गावदेवीची मिरवणूक आली, कानाशी संबळ कडाडला आणि त्याचं उरलंसुरलं बळ संपलं. घशातून हुंकार निघू लागले. लोकांना तेवढं पुरे होतं. संबळवाला फागू आणखी जवळ सरकला, कुणी हळद फासली, कुणी नारळ फोडला. उमेश शुद्ध हरपून पडला तेव्हा कुठे ते थांबले.

तिशी उलटलेला हा बाप्या आजवर साऱ्या पाड्याचा 'येडा' होता. लग्नाला न्यावं तर मांडवातून पळून जायचा. त्याच्या आईचा, तानीचा, जन्म मान खाली घालण्यात गेला होता. घरात मात्र तो सुखी असे. पाड्याच्या टोकाला त्यांचं कुडाचं घर, आत गार अंधार. तिथं बसून तो नागली पाखडायचा, आईशी चार शब्दही बोलायचा.

जव्हारला नर्स असलेल्या त्याच्या बहिणीनं, हर्षदानं, त्याला डॉक्टरांना दाखवलं होतं. "त्याला ऑटिझम हाय, आये. तुझेमाझे डोक्यात आवाज गाळायची चाळण असते. त्याला ती नाय. सगळाच आत जातो."

पण आता येडा देवाचा झाला होता. बायका नारळ घेऊन दारात येऊ लागल्या. हळदीच्या मांडवात तानीला पुढं बसवू लागले. देव भावाचा भुकेला म्हणतात. आमचा हा देव आवाजाचा भुकेला निघाला! दर सणाला उमेशला बोलावणं येऊ लागलं.

हर्षदा चिडली. "त्यात देव नाय, आये. त्याला दुखतंय."

"दुखत आसंल," तानी म्हणाली. "तुझे डाक्तरनं त्याला नाव दिलं. माणसात बसवलं का?"

हर्षदानं पिशवी उचलली. संध्याकाळच्या गाडीनं ती जव्हारला परत गेली.

पुढच्या वर्षी पुन्हा गावदेवीचा दिवस उगवला. तानीनं त्याला न्हाऊ घातलं, नवा सदरा चढवला.

"नको संबळ," उमेश म्हणाला.

"एक दीसाचं हाय, पोरा."

उमेशनं आपल्यापुरतं एक ताडलं होतं. आपण हललो की हे वाजवतात. म्हणजे हललोच नाही तर थांबतील. देवळासमोर तो खांबासारखा उभा राहिला. दात दातांवर दाबलेले, नखं तळहातात रुतलेली. संबळाचा एकेक ठोका कवटीच्या आत पडत होता, तरी त्यानं बोटसुद्धा हलवलं नाही.

"देव रुसला हाय," फागू म्हणाला. "आणखी संबळ आणा रं!"

हललं तरी वाजवतात, न हललं तरी वाजवतात. बिचाऱ्याला तिसरं काही सुचेना. तो कोसळला, मातीत डोकं घासू लागला आणि आईच्या लुगड्याचा काठ धरून ओरडला, "आये, घरी! घरी!"

देव बोलला म्हणून संबळ थांबले. उमेशनं श्वास घेतला, मूठ सैल सोडली.

"सबूद आला!" म्हातारा पुंजा हात जोडून म्हणाला. "देवाला याचे घरी जायाचं हाय!"

आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पोरानं काय मागितलं ते तानीला कळलं होतं, नक्की कळलं होतं. तिचे ओठ हललेही. पण तोवर दोन म्हाताऱ्या तिच्या पायांशी वाकल्या होत्या. आयुष्यात तिच्या पायांना असं कुणी शिवलं नव्हतं. तिनं पदर खोचला. अंगणात सडा टाकायला पुढं धावली.

त्यांनी उमेशला खांद्यावर घेऊन वाजतगाजत पाड्यावर आणलं आणि उंबऱ्यात उतरवलं. तो रांगत आत गेला, कणगीच्या मागं शिरला आणि मागं मागं सरकत राहिला, पाठ कुडाला टेकेपर्यंत. दारातला उजेड अडला. फागू वाकून आत आला आणि त्यानं कमरेचा संबळ नीट आवळून घेतला.