देवाच्या मुठीचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि गेले अकरा महिने माझं तोंड बंद होतं. मित्रांनो, हे मी रुसून सांगत नाही. माझं झाकण खरोखरच अडकलं होतं.

आज सकाळपर्यंत माझा मुक्काम जालन्यात, पाटोळ्यांच्या स्वयंपाकघरातल्या माळ्यावर होता. एका बाजूला बिघडलेला मिक्सर, दुसऱ्या बाजूला नाताळचा कागदी तारा. तारा वर्षातून एकदा बाहेर जाऊन येतो. मिक्सरला दुरुस्तीची आशा आहे. माझ्या पोटात दीड किलो तांदूळ आणि सोंडकिड्यांची सहावी पिढी होती. ही पिढी अंधारातच जन्मली. उजेड ही जुन्या लोकांची थाप आहे, असं तिचं ठाम मत होतं.

माझा जन्म वनस्पती तुपासाठी झाला होता. १९७० साली नाताळच्या करंज्यांना तूप संपलं आणि सुवार्ताबाईने मला राखेने घासून सांगितलं, आजपासून तू देवाचा. मला कुणी विचारलं नाही. माझ्या बरोबरीचे डबे रॉकेल भरायला गेले, कुणी तुळस लावायला गेले. मी देवाला गेलो.

त्यांच्या मंडळीत एक रीत होती. चुलीवर काही चढवण्याआधी घरच्या बाईने मापलेल्या धान्यातली एक मूठ परत काढायची आणि बाजूला ठेवायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ते धान्य चर्चमध्ये न्यायचं आणि तिथून ज्या घरी चूल थंड असेल त्या घरी पोचवायचं. सुवार्ताबाईने ही मूठ दिवसातून दोनदा, चोपन्न वर्षं काढली. गुणाकार तुम्हीच करा, मला बोटं नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळात सासू तिला म्हणाली, "घरात खायाला न्हाई अन् तुझा देवाचा डबा चालूच हाय."

सुवार्ताबाई म्हणाली, "तुमच्या वाट्याची न्हाई घेत, आत्याबाई. माझीच घेऊन राह्यले."

त्या वर्षी ती एक भाकरी कमी खायची. हे फक्त मला आणि परातीला ठाऊक होतं.

तिचा नवरा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. भोकरदनकडून, हसनाबादकडून पेशंटसोबत आलेली माणसं दुपारी तिच्या ओट्यावर जेवायची. तिने तीन लेकरं वाढवली, सासूचं शेवटपर्यंत केलं, पवित्र शास्त्र झिजवलं. ती स्वतः मात्र हसनाबादचं माहेर आणि चर्च सोडून फारशी कुठे गेली नाही. मीही त्याच स्वयंपाकघरात होतो. तिला कधी अडकल्यासारखं वाटलं का, हे मी विचारू शकलो नाही. माझ्या तोंडाची अडचण वर सांगितलीच आहे.

ही अडचण सुरू झाली १९८५ साली. चर्चला जाताना मी कंपाउंडरसाहेबांच्या सायकलवरून पडलो आणि माझा काठ किंचित वाकला. तेव्हापासून माझं झाकण घट्ट बसतं. सुवार्ताबाईने उपाय शोधला. भाकरीचं फडकं तव्यावर गरम करायचं आणि माझ्या तोंडावर दोन्ही हातांनी दाबून धरायचं. दोन मिनिटांत झाकण ढिलं होतं. चटका बसायचा, म्हणून ती डोळे मिटून मान खाली घालायची.

झालं. घरच्यांना वाटलं, ती माझ्यावर हात ठेवून प्रार्थना करते. तिचा मुलगा आशीर्वाद रेडिओवरची मॅच बंद करायचा. सून शीतल लेकरांना गप्प बसवायची. सुवार्ताबाईने हा गैरसमज कधीच दूर केला नाही. चहा, टॉवेल, डबा, औषध यांपैकी काहीही तिच्याकडे कुणी मागत नाही, अशी त्या घरातली दोन मिनिटं तेवढीच होती.

गेल्या डिसेंबरात, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, सकाळची मूठ टाकून ती जरा पडते म्हणाली. ती उठली नाही. घर माणसांनी भरलं. देवाच्या तांदळाला मुंग्या लागू नयेत म्हणून आशीर्वादने रडत रडत माझ्या झाकणावर बत्ता मारला. चार वेळा मारला. दुःख मोठं होतं.

नंतर मी उघडेना. चमचा झाला, पाना झाला. शेवटी, आई प्रार्थना करून उघडायची म्हणून पाळकसाहेबांना बोलावलं. सगळ्यांनी माझ्यावर हात ठेवून मनापासून प्रार्थना केली. मीही जोर लावला. पण थंड हातांनी पत्रा फुगत नाही आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं. मग माळा.

आज सकाळी शीतलने मला खाली काढलं. दारात अंगद भंगारवाला होता. जालन्यात भंगाराचं पुढे काय होतं हे शेंबडं पोरही सांगेल. भट्टी, आणि मग सळई. मी कुणाच्या तरी स्लॅबमध्ये कायमचा अडकणार होतो. तिथे तर झाकणही नसतं.

अंगदने मला हलवून पाहिलं. "ताई, आत काय भरून राह्यलंय?"

"देवाचे तांदूळ," शीतल म्हणाली.

"मंग आधी काढून घ्या. देवाचं वजन माझ्या काट्यात नको."

"उघडत न्हाई म्हणून तर देऊन राह्यले."

"छिन्नीनं डोकं उडवू का?"

"उडवा," असं म्हणून शीतलने तोंड तव्याकडे फिरवलं.

छिन्नी माझ्या काठाला टेकली तेव्हा बारावीतली नात साक्षी उठली. "थांबा हो काका. मम्मी, आजी डोळे मिटायची तव्हा फडकं कुठं असायचं?"

"हातात. भाकऱ्या चालू असायच्या ना."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. तव्यावरची भाकरी करपली.

साक्षीने फडकं तव्यावर टाकलं, उचललं आणि माझ्या तोंडावर दाबलं. चटका बसला तसे तिने डोळे मिटले आणि मान खाली घातली. तेवढ्यात आशीर्वाद घरात आला. लेकीकडे बघून त्याने चपला काढल्या आणि हात जोडले. ते पाहून अंगदनेही टोपी काढली. दोन मिनिटं कुणीच कुणाकडे काही मागितलं नाही.

टक्.

अकरा महिन्यांनी उजेड आत आला. सोंडकिडे काठावर येऊन थांबले. जुने लोक खरं बोलत होते. तांदळाचं पीठ झालं होतं, ते शीतलने कोंबड्यांना टाकलं.

"म्हणजे आजी प्रार्थना करतच नव्हती?" साक्षीने फुंकर घालत आपले लाल तळवे आईला दाखवले.

शीतलने ते बघितले. "करत आसंल गं. न्हाई तर इतका चटका रोज दोनदा कोण धरतं?"

अंगद रिकाम्या हातांनी गेला. मला घासून उन्हात ठेवलं आणि संध्याकाळी शीतलने मापलेल्या तांदळातली एक मूठ परत काढून माझ्यात टाकली. मूठ लहान होती. बुडाला पडलेल्या दाण्यांचा आवाज मी ओळखला, पहिल्या दिवशीचाच होता.

मित्रांनो, माझं झाकण पुन्हा अडकणार आहे, काठ वाकडा तो वाकडाच. त्याची काळजी करू नका. फक्त तुमच्या घरात एखादी म्हातारी डोळे मिटून उभी दिसली, तर पाया पडण्याआधी तिच्या हातात काय आहे ते बघा. गरम असेल तर थोडा वेळ तुम्ही धरा.