घरचा काप

चिसातोने संध्याकाळी स्वतःच्या हातांनी मासा कापला, ताट रचलं, ठेवणीतला किमोनो घातला आणि पाहुणी होऊन आपल्याच हॉटेलात जेवायला बसली. बाबांना आज सत्त्याहत्तर पूर्ण झाली होती. जपानात हे वय शुभ मानतात, आणि शिमोनोसेकीत असला वाढदिवस फुगू माशाशिवाय केला, तर शेजारीपाजारी वर्षभर नावं ठेवतात.

तोकुजींनी, म्हणजे तिच्या बाबांनी, बंदराजवळच्या टीचभर दुकानात चाळीस वर्षं हाच विषारी मासा साफ केला होता. एकाही गिऱ्हाइकाला कधी बाधा झाली नाही. आणि दुसऱ्या एकाही कारागिराबद्दल त्यांच्या तोंडून कधी बरा शब्द निघाला नाही. एकोणिसाव्या वर्षी चिसातोने सुरी मागितली, तेव्हा ते म्हणाले, "बाईचा हात गरम. मासा नासतो." पुढे तिने सत्तावीस वर्षं बँकेत काढली, सुट्ट्यांत गुपचूप काम शिकून घेतलं, गेल्या वर्षी फुगू कापायच्या परवान्याची परीक्षा दिली आणि टेकडीवरच्या या बड्या हॉटेलात लागली. बाबांना सांगितलं, मी बुकिंग बघते. आज त्यांनी खोड न काढता ताट संपवलं तर खरं सांगायचं, नाहीतर जन्मात नाही, असं तिने ठरवलं होतं. ही गोष्ट एकट्या कात्सुयादादाला ठाऊक होती, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही.

ताट आलं आणि चिसातोने आधी तळ पाहिला.

ताटाच्या तळाशी करकोचा रंगवलेला होता. काप इतके पातळ हवेत की खालचं पीसन्‌पीस दिसलं पाहिजे. आत ओट्यावर कसं कळलं नाही कोण जाणे, पण काप जाड झाले होते. करकोचा धुक्यात हरवल्यासारखा पुसट दिसत होता. रोज वीस ताटं बिनचूक लावणारे तिचे हात नेमके आज चुकले होते.

"बाबा, जिभेला मुंग्या आल्या तर सांगा हं," दादा म्हणाला.

"आल्या तर सांगायला जीभ हलणार नाही," म्हणत तोकुजी ताटावर वाकले. "एवढं बडं हॉटेल. करकोचा कुठाय?"

"असेल खालीच," दादा चिसातोकडे बघत म्हणाला. तिने टेबलाखालून त्याला चिमटा काढला.

"मासा एक रात्र नीट मुरवलाय," बाबा पुटपुटले. "पण काप..."

त्यांनी एक काप उचलला, आंबट रसात बुडवला आणि डोळे मिटून चावत राहिले. बराच वेळ. चिसातोला वाटलं, झालं, सगळं मुसळ केरात.

"हा काप गिऱ्हाइकाचा नाही," शेवटी ते म्हणाले. "हा घरचा काप आहे."

तिला जुनं दुकान आठवलं. पोरांच्या वाढदिवसाला बाबा दारावर पाटी उलटी करायचे, आई घासलेटच्या शेगडीजवळ टेबल ओढायची. त्या दिवशी काप जाड. 'गिऱ्हाइकाला नक्षी दिसली पाहिजे, पोरांना मासा लागला पाहिजे,' असं बाबा म्हणायचे. दादा मोठा तुकडा पळवायचा, आणि शेवटी माशाच्या रश्शात शिजवलेला भात आई वाटीवाटीने वाढायची. पण त्याआधी, बाबा बसायच्या आत, आईचा एक प्रश्न ठरलेला असे. फुगूची विषारी काळजं मोजून ज्या लोखंडी डब्यात कोंडायची, त्या डब्याबद्दल. उत्तर मिळाल्याशिवाय आई कुणालाही वाढत नसे. आईला जाऊन सहा वर्षं झाली. तो प्रश्न तेव्हापासून कुणी विचारला नव्हता. चिसातोला आई हवी होती, आत्ता, इथे, या टेबलाशी.

तोकुजींनी दुसरा काप उचलला, मग तिसरा. बाबांनी चिसातोचा हात ओढून आपल्या तळव्यावर धरला, मासा ताजा आहे का बघतात तसा.

"गरमच आहे," ते म्हणाले.

ती खाली बघत राहिली.

त्यांनी हात सोडला, स्वतःची वाटी तिच्यापुढे सरकवली आणि ताटावरची नजर न काढता विचारलं, "डब्याला कुलूप घातलंस ना?"

"काल दुपारीच, बाबा," चिसातो म्हणाली. "दोनदा मोजून."

"मग वाढ."