लाल ठिपक्याची चेसिस

ॲग्नेस गेली त्याला आठ महिने झाले. तिच्या मयताला चर्चमध्ये मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी म्हणालो, ती चांगली बायको होती आणि तिच्यासारखे मैद्याचे फुगे मरोळ गावठाणात कोणी तळत नाही. मग खाली बसलो. आणखी एक गोष्ट सांगायची होती ती राहिली, कारण दुसऱ्या बाकावर माझे शर्यतीतले सोबती अनंत कर्णिक आणि जेफ्री बसले होते.

आम्ही गाड्या पळवतो. हाताच्या पंजाएवढ्या. लाकडी ट्रॅकला खाच असते, खाचेच्या दोन्ही बाजूंना तांब्याची पट्टी, तिच्यातून करंट येतो आणि गाडी खाचेतून धावते. ट्रॅक माझ्या मागच्या पडवीत आहे. मी सुतार माणूस, तो मीच बनवला. गाडीचं वरचं टप प्लास्टिकचं, ते कोणीही रंगवतं. खरी गाडी खाली असते. पितळेच्या पट्ट्या आणि पोलादी तारा एकमेकांना सोल्डर करून केलेली चेसिस. तिचा जोड सुटला की वळणावर गाडी गेली.

माझ्या चेसिसचे जोड आरशासारखे. सगळे मला उस्ताद म्हणायचे. आणि ते जोड ॲग्नेसचे होते.

ती सव्वीस वर्षं सीप्झमध्ये एका कंपनीत सर्किटवर सोल्डरिंग करायची. मी एकदा प्रयत्न केला तर जोड राखेसारखा करडा आला आणि बोट भाजलं. तिने सोल्डरिंगचं आयर्न माझ्या हातातून काढून घेतलं, म्हणाली, "तू लाकूड बघ." त्यानंतर प्रत्येक चेसिस तिने केली. झाली की उलटी करून कोपऱ्यात लाल नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायची. कंपनीत तसंच होतं. ठिपका म्हणजे माल तपासला, पास. ठिपका नाही तर माल दाराबाहेर जात नाही.

तो ठिपका कोणी बघायचा प्रश्न नव्हता. आमच्यात एक रीत आहे, आपल्या गाडीचं पोट दुसऱ्याला दाखवायचं नाही.

नऊ वर्षांत आमच्या वार्षिक शर्यतीची ढाल तीनदा माझ्याकडे आली, तीनदा अनंतकडे, तीनदा जेफ्रीकडे. आम्हाला वाटायचं काय चुरस आहे.

ॲग्नेस म्हणायची, "एक दिवस सांगून टाक ना रे त्यांना."

मी म्हणायचो, "सांगतो."

"माझ्या मयताला तरी सांग."

ते काय झालं ते वर लिहिलंच आहे.

वाट लावली ती सुहासिनीबाईंनी. मागच्या वर्षी आमच्यात आल्या. अंधेरीच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या, आता रिटायर. पहिल्याच वर्षी शेवटच्या आल्या आणि यंदा मीटिंगमध्ये उभ्या राहिल्या.

"मी तिघांना विचारलं, सोल्डर कसं करायचं ते दाखवा. अनंतराव म्हणाले, चष्मा घरी राहिला. जेफ्री म्हणाला, फोन आला. जॉनी, तुम्ही म्हणालात, हाताचा गुण असतो. माझी नववीची मुलं यापेक्षा चांगल्या थापा मारायची."

"मग काय करायचं म्हणता?" अनंतने विचारलं.

"या वेळी चेसिस इथे बसून करायची. सगळ्यांसमोर, एका तासात. मग त्याच गाड्या पळवायच्या."

मला वाटलं अनंत विरोध करेल. तो बँकेत होता, त्याला नवीन नियम चालत नाहीत. पण तो माझ्याकडे बघून म्हणाला, "जॉन्याला काय, तो डोळे मिटून करेल." जेफ्री म्हणाला, "हो ना, अंकल तर उस्ताद." आता मी नाही कसं म्हणणार?

आठवडाभर झोप नीट लागली नाही. नऊ वर्षांची उस्तादी एका तासात जाणार होती. आणि ती तशी गेली तर लोक म्हणणार, म्हाताऱ्याने बायकोच्या जिवावर फुशारकी मारली आणि तिच्या मयताला तिचं नावसुद्धा घेतलं नाही. ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं असतं.

मग आठवलं. हॉस्पिटलात जायच्या आधी दोन आठवडे ॲग्नेसने एक चेसिस पुरी करून बिस्किटांच्या डब्यात ठेवली होती. यंदाच्या शर्यतीसाठी. तीच बाहेर काढायची ठरवलं.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आलो. फुग्यांच्या डब्यात तळाला चेसिस, वर कागद, वर फुगे. फुगे विकतचे. पडवी चारी बाजूंनी बंद, खिडकी नाही. ट्यूबलाइट आणि चारही आयर्न एकाच एक्स्टेन्शनवर, आणि त्याचा प्लग मी मुद्दाम माझ्या स्टुलामागे ठेवला. लाथ मारली की अंधार.

अनंत मोठा जेवणाचा डबा घेऊन आला. जेफ्री हेल्मेट मांडीवर घेऊन बसला. तो विमानतळाच्या कार्गोत कामाला आहे, स्कूटरने येतो, पण हेल्मेट कधी घरात आणत नाही.

सुहासिनीबाईंनी घड्याळ लावलं. तारांचे तुकडे कापले, पितळ पॉलिश पेपरने घासलं, तिथपर्यंत सगळं छान. मग आयर्न तापली. अनंत चष्मा पुसत बसला. जेफ्रीने जोडाला लावायच्या फ्लक्सची बाटली तीनदा उघडून तीनदा बंद केली. मी जोडावर सोल्डर टेकवलं, त्याचा गोळा होऊन तो टेबलावर घरंगळला. सुहासिनीबाई एकट्या जीभ बाहेर काढून काम करत होत्या. त्यांचे जोड शेंबडासारखे ओघळत होते, पण धरत होते.

पन्नासाव्या मिनिटाला मी लाथ मारली.

अंधार झाला. मी डब्याचं झाकण काढलं. त्याच वेळी डावीकडे दुसरं झाकण वाजलं. उजवीकडे हेल्मेटचा पट्टा सुटला. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, पण माझा हात फुग्यांत होता.

"कोणी हलू नका, आयर्न गरम आहेत," सुहासिनीबाई म्हणाल्या. बरोबर होतं, पण आम्ही तिघेही हलत होतो.

मी प्लग परत लावला. उजेड आला. टेबलावर तीन पूर्ण झालेल्या चेसिस होत्या. तिन्ही चकाचक. माझीला थोडं तेल लागलं होतं.

सुहासिनीबाईंनी अनंतची चेसिस उचलली आणि आमची रीत मोडून उलटी केली. मग जेफ्रीची. मग माझी. तिन्ही रांगेत ठेवल्या, पोट वर करून. तीन लाल ठिपके.

"माझ्या चेसिसला नाही हा ठिपका," त्या म्हणाल्या. "कसला आहे?"

मी अनंतकडे बघितलं. "कधीपासून?"

"तू मंगळवारी लाकडाच्या वखारीत जायचास ना," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "पहिल्या वर्षापासून. वहिनी म्हणाल्या, जॉन्याला सांगू नका."

"आणि तू?"

"मी शनिवारी, अंकल. मला वाटलं मी एकटाच."

"मलापण वाटलं मी एकटाच," अनंत म्हणाला. "मी त्यांना म्हटलं होतं, तुमच्याच नवऱ्याला हरवायला मदत करताय. म्हणाल्या, दरवर्षी तोच जिंकला तर मला या घरात राहता येईल का?"

तीन, तीन, तीन. कसली चुरस आणि कसलं काय. ढाल कोणाकडे जायची ते माझ्या स्वयंपाकघरात ठरत होतं.

जेफ्री हळूच म्हणाला, "या वेळी तुझा नंबर होता, अंकल. ही देताना आंटी मला म्हणाली, तुझी जड ठेवलीय, रडत बसू नको."

मी माझी चेसिस एका हातात घेतली आणि जेफ्रीची दुसऱ्या. माझी खरंच हलकी होती.

"कोणी सांगणार का मला?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

अनंतने पुन्हा चष्मा पुसायला घेतला. जेफ्रीने डब्यातला फुगा उचलला. सांगायचं माझ्याकडेच होतं.

"ॲग्नेसने केल्यात," मी म्हणालो. "माझी बायको. या तिन्ही, आणि याच्या आधीच्या सगळ्या. मी आयुष्यात एक जोड धड केलेला नाही. उस्ताद ती होती." मग आठवलं म्हणून म्हणालो, "हे मयताला सांगायचं होतं. फुग्यांचं सांगितलं."

"फुगे पण चांगले असायचे," अनंत म्हणाला.

"हे विकतचे आहेत," जेफ्री तोंडात भरून म्हणाला.

सुहासिनीबाईंनी तिघांना बाद केलं. त्यांची ओबडधोबड गाडी ट्रॅकवर एकटी धावली, दहा फेऱ्या, खडखड करत, आणि एकही जोड सुटला नाही. एकटीने धावून ढाल कशी घेणार, असं अनंत म्हणाला. "हातात घेऊन," त्या म्हणाल्या, आणि घेऊन गेल्या. आठवड्याने परत आणली तेव्हा वरच्या मोकळ्या पट्टीवर ॲग्नेसचं नाव कोरून घेतलं होतं आणि नावापुढे मागच्या नऊही वर्षांचे आकडे.

आता रविवारी आम्ही चौघे पडवीत जोड करत बसतो. ॲग्नेस म्हणायची, आधी पितळ तापव, सोल्डर आपण धावत येतं. मी इतकी वर्षं आयर्नवरच सोल्डर वितळवून ते वर थापायला बघत होतो. परवा तिच्या पद्धतीने केलं. सोल्डर खरंच धावलं, तारेच्या कडेने आत शिरलं. नऊ जोड केले.

बिस्किटांच्या डब्यात तिची नेलपॉलिशची बाटली अजून आहे. मी ती काढली, झाकण फिरवलं.

"लाव ना, अंकल," जेफ्री म्हणाला. "झकास झालीय."

मी चेसिस उलटी करून उजेडात धरली. मागच्या आडव्या तारेचा डावा जोड जरा करडा होता. म्हटलं तर चालला असता.

झाकण परत लावलं आणि आयर्न तापत ठेवलं.