दंतवैद्यांचा रेडिओ

मैत्रीपूर्ण स्पर्धा म्हणजे काय हे ज्याला पाहायचं असेल त्याने दोन मुख्याध्यापकांना एका वजनकाट्याजवळ उभं करावं. दोघंही हसतात. डोळे मात्र काट्यावर.

वरची शाळा आणि खालची शाळा, मध्ये एक चढ. वरच्या शाळेची मुख्याध्यापिका माझी थोरली बहीण. खालच्या शाळेचे मुख्याध्यापक इस्त्री सर. हे नाव मुलांनी त्यांच्या बाह्यांवरची घडी पाहून ठेवलं आणि आता त्यांची बायकोही फोनवर तेच वापरते म्हणतात. गेली चार वर्षं या दोन शाळा लोकांच्या घरातल्या निकामी इलेक्ट्रॉनिक वस्तू गोळा करतात. शेवटच्या दिवशी भंगाराच्या एका कंपनीचा ट्रक येतो, सगळं घेऊन जातो, तिकडे ते फोडून त्यातला धातू पुन्हा कामाला लावतात. ज्या शाळेचं वजन जास्त तिला फिरता चषक. चषक फिरता असला तरी पहिली तीन वर्षं तो खालच्या शाळेच्या कपाटात बसून होता.

स्पर्धा वजनावर असल्यामुळे मोबाइलला इथे कोणी विचारत नाही. जुन्या पेटीसारख्या टीव्हीला मात्र जावयाचा मान. गेल्या वर्षी असाच एक टीव्ही चार मुलांनी हातोहात आणला, काट्यावर ठेवला, आणि आतून खडखड आवाज आला. उघडून पाहिलं तर पोटात चार विटा. टीव्ही आमच्या बाजूचा. सातवीच्या एका पालकांनी वर्गावरच्या प्रेमापोटी त्या भरल्या होत्या. इस्त्री सर ताईला म्हणाले, "चालायचंच मॅडम. उत्साह असतो."

त्या एका वाक्यावर ताईने वर्ष काढलं. यंदाचे नियम तिने स्वतः लिहिले. त्यातला पाचवा असा: उघडलेली वस्तू स्पर्धेत धरली जाणार नाही. स्क्रूवर ताजा ओरखडा दिसला तरी बाद. वजन झालं की वस्तू लगेच पिंजऱ्यात, पिंजऱ्याला सील, सील थेट कंपनीत फुटणार.

ओरखडे ओळखायला तिने मला बोलावलं. मी विमा कंपनीत दावे तपासतो, त्यामुळे माणसांवर विश्वास न ठेवण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. शिवाय आमचं दोघांचं बालपण स्क्रूंमध्येच गेलेलं. आमचे वडील, नाना, रेडिओ दुरुस्त करत. पुढे टीव्हीही करू लागले, पण टीव्हीला ते शेवटपर्यंत 'तो' म्हणत आणि रेडिओला 'हा'.

शाळेचा हॉल त्या आठवड्यात नानांच्या दुकानासारखा दिसत होता. तेच बाजूला सरकवलेले बाक, तोच जुन्या लाकडाचा आणि तापून गार झालेल्या धुळीचा वास. फक्त नानांच्या दुकानात वस्तू बऱ्या व्हायला येत, इथे पोहोचवायला येत होत्या. नानांची एक पद्धत होती. सेट दुरुस्त झाला की मागचा पुठ्ठा लावायच्या आधी ते त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने नोंद करत. तारीख, दोष, काय बदललं, आणि शेवटी घराबद्दल एक शेरा. 'घरात मांजर आहे, सेटवर झोपते.' 'मालक स्वतः उघडतो, लक्ष ठेवणे.' 'सासू-सुनेत आवाजावरून वाद, बटण सैल होणारच.' डॉक्टर जसे केसपेपर ठेवतात तसे नाना ठेवत, फक्त ते पेशंटच्या पोटातच ठेवत. सेट परत आला की उघडायचा, वाचायचं, आणि मान हलवायची. गिऱ्हाइकांना याचा पत्ता नव्हता.

तेव्हा हॉलमधल्या निम्म्या रेडिओंच्या आत नानांचं अक्षर असणार हे आम्हा दोघांनाच माहीत होतं. आठवडाभर मी त्या अक्षरापासून एका पुठ्ठ्याच्या अंतरावर बसून होतो, आणि मध्ये नियम पाचवा.

शेवटच्या दिवशी दुपारी चारला आमची शाळा सहा किलोंनी मागे होती. काटा पाचला बंद होणार होता. ताई पुढच्या वर्षी निवृत्त होणार, म्हणजे खरं तर तिच्याकडे एवढा एकच तास होता. पण ते ती कबूल करणाऱ्यातली नव्हे.

"हरलो तर हरलो," ती म्हणाली. "मुलांना सवय लागली ना, घरातला कचरा वेगळा करायची? बास."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"बरोबर काय आहे? चहा पीत काय बसलायस? गेटवर जाऊन बघ कोणी येतंय का."

गेटवर एक बाई रिक्षातून उतरत होत्या. मांडीवर रेडिओ, लाकडी, रुंद, पुढे जाळीचं कापड. मी उचलायला गेलो आणि हात तिथेच थांबला. डावीकडचं बटण गुलाबी होतं. हिरड्यांसारखं गुलाबी.

जगात असं बटण एकाच रेडिओला होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला जे दंतवैद्य होते, त्यांच्या रेडिओचं बटण एकदा हरवलं, तेव्हा त्यांनी ते कवळीच्या मसाल्यातून स्वतः घडवलं होतं. नाना म्हणायचे, या बटणाला हात लावला की चूळ भरावीशी वाटते.

या रेडिओची आमच्या घरात एक म्हणच झालेली आहे, ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

ताई एकोणीस वर्षांची होती, मी अकरा. नाना तापाने महिनाभर अंथरुणाला खिळले होते. दुकानात दंतवैद्यांचा हा सेट अर्धवट उघडून पडला होता आणि दंतवैद्य रोज निरोप पाठवत होते. ताईला लहानपणापासून नानांशेजारी बसायची सवय. तिने दोन दिवस खपून तो सेट दुरुस्त केला. मला आठवतं, सेट तापेपर्यंत आम्ही दोघं श्वास रोखून बसलो होतो. मग समोरचा हिरवा दिवा मांजराच्या डोळ्यासारखा बारीक झाला आणि आत कोणीतरी बाई हवामान सांगू लागली. ताईने मला मारलं. आनंदाने मारलं, पण लागलं. कॉलेज वगैरे काही नको, मी दुकानच चालवणार, असं तिने त्याच दिवशी आईला सांगून टाकलं.

नाना उठले, दुकानात गेले. आठवडाभराने जेवताना, ताटाकडे बघत म्हणाले, "दंतवैद्यांचा सेट परत आला होता. पुन्हा करावा लागला."

एवढंच. ओरडले नाहीत. ओरडले असते तर ताई भांडली असती आणि जिंकली असती. ती उठली, हात धुतले, आणि पुढच्या महिन्यात कॉलेजात नाव घातलं. तारा जोडायच्या सोल्डरिंग आयर्नला तिने पुन्हा हात लावला नाही. पुढे शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका झाली, दोनदा उत्तम शिक्षकाचा मान मिळाला. पण कोणी तोंडभरून कौतुक केलं की अडतीस वर्षं तिचं एकच उत्तर: "हं. दंतवैद्यांचा रेडिओ विचारा." नवरा कौतुक करो, शिक्षणाधिकारी करो. लोकांना वाटायचं, काहीतरी वाक्प्रचार असेल.

मी तो रेडिओ हॉलमध्ये आणून ताईच्या टेबलावर ठेवला. तिने बटणाकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

बाई म्हणाल्या, "मी दंतवैद्यांची सून. सासऱ्यांनी शेवटपर्यंत हाच ऐकला. चांगला चालायचा हो, आता स्टेशनंच लागत नाहीत म्हणून."

"शेवटपर्यंत चालायचा?" ताईने विचारलं.

"एकदा दुरुस्त केला, तो कायमचा. सासरे सगळ्यांना सांगायचे. तुमच्या वडिलांची मात्र मोठी गंमत सांगायचे. सेट उत्तम चालू असताना एक दिवस स्वतः आले, म्हणाले जरा नेतो, बघायचाय. सासरे म्हणाले, अहो बिघडलेला नाही. तर म्हणाले, म्हणूनच बघायचाय. दुसऱ्या दिवशी तसाच आणून दिला."

बाई चहा नको म्हणून निघून गेल्या. अशी माणसं बॉम्ब ठेवतात आणि चहाही घेत नाहीत.

ताईने रेडिओ फिरवून त्याची पाठ आपल्याकडे केली. मग म्हणाली, "वजन किती भरेल?"

"अकराच्या आसपास."

"म्हणजे पाच किलोंनी आपण पुढे."

"हो."

"आणि उघडला तर बाद."

"नियम कोणी केला?"

"मी केला. म्हणून तर विचारतेय."

मी मोबाइलचा उजेड पुठ्ठ्याच्या भोकांतून आत सोडून पाहिला. धूळ दिसली, काचेचे व्हॉल्व्ह दिसले. लिहिलेलं पुठ्ठ्याच्याच आतल्या अंगाला, ते बाहेरून दिसायचं म्हणजे आपल्याच पाठीवरचा तीळ बघण्यासारखं.

"आधी वजन करू, मग कंपनीवाल्याला सांगून..."

"वजन झालं की पिंजरा, पिंजरा झाला की सील. उगाच वाटा काढू नकोस. गेल्या वर्षीच्या विटासुद्धा अशीच कोणीतरी वाट काढल्यामुळेच आत गेल्या होत्या."

तेवढ्यात इस्त्री सर आले. चार वाजून चाळीस मिनिटांनी शत्रूच्या हॉलमध्ये सहज चक्कर मारायला माणूस येतो, तसे. त्यांना सगळं कसं कळलं माहीत नाही. मला वाटतं रिक्षावाल्याकडून. रेडिओकडे बघत ते म्हणाले, "मॅडम, वडिलांची आठवण आहे म्हणे. उघडा की. उघडा, बघा, पुन्हा लावा आणि ठेवा काट्यावर. मी काही बोलणार नाही."

ते मनापासून म्हणत होते. तीच तर अडचण होती.

"तुम्ही बोलणार नाही," ताई म्हणाली, "पण तुम्हाला माहीत असेल ना."

"ते राहणारच."

"मग नको."

तिने मला खूण केली. मी रेडिओ काट्याकडे न नेता तिच्या खोलीत नेला. इस्त्री सर दारापर्यंत आले आणि तिथून, चांगल्या माणसासारखे, परत फिरले. ताईने ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला. पिवळ्या मुठीचा, नानांचा. मुख्याध्यापिकेच्या ड्रॉवरमध्ये हजेरीची पत्रकं आणि रबरी शिक्क्यांच्या मध्ये तो किती वर्षं पडून होता ते मी विचारलं नाही.

चार स्क्रू. तिने ते काढून बशीत ठेवले, नाना ठेवत तसे, ज्या कोपऱ्यातला त्या कोपऱ्यात. पुठ्ठा उलटा केला. चष्मा लावला, काढला, आणि मला म्हणाली, "तू वाच."

वर नानांच्या जुन्या नोंदी होत्या. त्याखाली ताईचं एकोणीस वर्षांचं गोल अक्षर: तारीख, दोन कपॅसिटर, एक तार. शेरा तिने लिहिला नव्हता, तेव्हा हिंमत झाली नसावी. त्याखाली आठ दिवसांनंतरची तारीख आणि नानांची तिरकी पेन्सिल.

मी वाचलं. "पोरीचं काम. पूर्ण तपासलं. दोष नाही. सोल्डर माझ्यापेक्षा साफ. तिला सांगू नये. सांगितलं तर शिकणार नाही, इथेच बसेल."

खाली आणखी एक ओळ होती, नंतर लिहिल्यासारखी, बारीक. "सांगायला पाहिजे होतं का?"

बाहेर काट्यावर कोणीतरी प्रिंटर ठेवत होतं. मुलांनी ओरडून आकडा सांगितला.

"लबाड माणूस," ताई म्हणाली. मग रेडिओच्या आत वाकून तिने आपण जोडलेली तार शोधली आणि नखाने हळूच हलवून पाहिली. तार हलली नाही.

"चुकलं का गं त्यांचं?"

"दुकान दहा वर्षांत बंदच पडलं. बरोबर होतं त्यांचं." ती अजून तारेकडेच बघत होती. "पण दहा वर्षं मी तिथे बसले असते ना रे. त्यांच्या शेजारी."

विमा कंपनीत अशा दाव्याचा रकाना नसतो.

पाचची घंटा झाली. आम्ही हरलो, प्रिंटर धरून साडेतीन किलोंनी. ताईने बशीतले स्क्रू उचलायच्या आधी टेबलावरची पेन्सिल घेतली. मला वाटलं, नानांच्या प्रश्नाचं उत्तर लिहिते आहे. तिने तारीख घातली आणि लिहिलं: "उघडून पाहिला. दोष नाही. स्पर्धेत धरलेला नाही." मग चारही स्क्रू पिळले आणि रेडिओ खिडकीखालच्या कपाटावर ठेवला. चषकासाठी तिने ती जागा आठवड्यापूर्वीच पुसून ठेवली होती.

चषक द्यायला दोन्ही शाळांची मुलं हॉलमध्ये जमली. इस्त्री सरांनी तो घेतला आणि भाषणाला उभे राहिले. ते म्हणाले, आम्ही वजनाने जिंकलो असू, पण पंधरा वर्षं या बाईंना बघतो आहे, इतकी चोख बाई मी दुसरी पाहिली नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दोन्ही बाजूंच्या.

ताई सवयीने म्हणाली, "हं. दंतवैद्यांचा..."

आणि थांबली. मी मागच्या रांगेत होतो. तिने एकदा आपल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं, पदर सारखा केला, आणि माइकपासून बाजूला, जरा अवघडून, "आभारी आहे" म्हणाली.